कंपायलरच्या डॉक्समधले वाक्य सुधारायचे कसे?

ओपन सोर्स कंपायलरला, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालेल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रॅमला, हातभार लावायचा म्हटले की बरेच जण डॉक्सपासून (त्याच्या माहितीपर मजकुरापासून) सुरुवात करतात. तिथे पार्सर किंवा ऑप्टिमायझरच्या आतले काही कळावे लागत नाही, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. कंपायलरच्या डॉक्समधले वाक्य म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो. त्यावर विसंबून लोक कोड लिहितात आणि तो वर्षानुवर्षे चालेल असे धरून चालतात. म्हणून वाक्य सोपे करताना त्यातली हमी नकळत वाढली किंवा घटली, तर ती नुसती भाषेची चूक राहत नाही. या लेखातली प्रत्येक पायरी ही एक गोष्ट सांभाळण्यासाठी आहे: अर्थ स्पष्ट व्हावा, पण हमी जागची हलू नये.

उदाहरणे मुख्यतः रस्टच्या कंपायलरची, म्हणजे रस्टसीची, घेतली आहेत. सी वगैरे भाषांच्या जीसीसी या कंपायलरची रीत वेगळी असेल तिथे तसे सांगितले आहे. दोन्हींचे डॉक्स इंग्रजीत आहेत, त्यामुळे बदलही इंग्रजीतच करायचा असतो. आज्ञा, फाइलींची नावे आणि इंग्रजी शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत करा.

पायरी १: वाक्य मुळात कुठे लिहिलेले आहे ते शोधा

वेबसाइटवर दिसणारे पान ही मूळ फाइल नव्हे. रस्टच्या मुख्य रिपॉझिटरीत डॉक्सचा मजकूर निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेला आहे. स्टँडर्ड लायब्ररीचे डॉक्स ‘लायब्ररी’ फोल्डरमधल्या सोर्स फाइलींतच, तीन तिरप्या रेघांच्या कॉमेंटमध्ये असतात. एरर कोडची स्पष्टीकरणे ‘कंपायलर’ फोल्डरमधल्या ‘रस्टसी एरर कोड्स’ या क्रेटमध्ये (रस्टच्या कोडच्या एका गठ्ठ्यात) आहेत. तिथे प्रत्येक कोडची स्वतंत्र मार्कडाउन फाइल असते, आणि ‘रस्टसी एक्स्प्लेन’ ही आज्ञा दिल्यावर टर्मिनलवर तीच फाइल दिसते. लिंटची, म्हणजे संशयास्पद कोडबद्दल इशारा देणाऱ्या तपासणीची, वर्णने लिंट जाहीर करणाऱ्या मॅक्रोच्या वरच्या कॉमेंटमध्ये असतात. कंपायलरच्या पर्यायांची माहिती रस्टसी बुकमध्ये, म्हणजे ‘सोर्स’ फोल्डरच्या ‘डॉक’ भागात मिळते.

त्याच ‘डॉक’ भागात रेफरन्स (भाषेचे नियम सांगणारे पुस्तक), नॉमिकॉन (अनसेफ रस्टचे पुस्तक) आणि भाषेचे मुख्य पुस्तकही दिसते, पण ती सबमोड्यूल आहेत. त्यांच्या रिपॉझिटरी वेगळ्या आहेत आणि बदल तिकडेच पाठवावा लागतो. हे न पाहता मुख्य रिपॉझिटरीत बदल करून बसले की सगळे काम पुन्हा करावे लागते.

आणखी दोन ठिकाणी नवखे हमखास अडतात. पहिले ‘व्हेक’चे, म्हणजे लांबी वाढू शकणाऱ्या यादीच्या (व्हेक्टरच्या) प्रकाराचे. पानावर त्याचा पत्ता ‘एसटीडी’चा, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररीचा, दिसतो, पण सोर्स ‘अलॉक’ या क्रेटमध्ये आहे. अशा वेळी पानावरची ‘सोर्स’ ही लिंक दाबावी, ती नेमक्या ओळीवर नेते. दुसरे पूर्णांकांचे. चिन्हांकित पूर्णांकांच्या पद्धतींचे डॉक्स एका मॅक्रोमधून तयार होतात, म्हणून एकच वाक्य आय८पासून आय१२८पर्यंत आणि आयसाइझ अशा ६ प्रकारांच्या पानांवर उमटते. आय३२चे पान वाचता वाचता तुम्ही ‘३२ बिट’ असे घातलेत, तर उरलेली पाने खोटी होतात.

जीसीसीत पर्यायांचे सविस्तर वर्णन ‘इन्व्होक’ या टेक्सइन्फो फाइलीत असते, आणि हेल्प आज्ञेला दिसणारी एका ओळीची माहिती वेगळ्या ‘ऑप्ट’ फाइलींत असते. एकीकडे अर्थ बदलला आणि दुसरीकडे जुनाच राहिला, तर गोंधळ दुप्पट होतो.

पायरी २: दोन्ही अर्थ लिहून काढा

‘वाक्य नीट कळत नाही’ एवढ्यावर बदल सुचवू नका. त्या वाक्याचे कोणते दोन अर्थ निघतात ते स्वतःच्या शब्दांत लिहा. मराठीत लिहिले तरी चालेल. मग असा छोटा प्रोग्रॅम शोधा जो पहिल्या अर्थाने एक वागेल आणि दुसऱ्या अर्थाने दुसरे. असा प्रोग्रॅम सुचतच नसेल, तर बहुधा तुम्हाला फक्त शैली खटकते आहे. निव्वळ शैलीसाठी जुने वाक्य हलवू नये असे आमचे मत आहे, कारण जुन्या वाक्यातला एखादा शब्द कुणीतरी पुष्कळ चर्चेनंतर मुद्दाम घातलेला असू शकतो. शंका आली तर ‘गिट ब्लेम’ने ती ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते पाहा, किंवा ‘गिट लॉग’ला मोठा ‘एस’ लावून तो शब्दसमूह शोधा. कमिटसोबतची चर्चा वाचल्यावर अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

‘व्हेक’च्या ‘विथ कपॅसिटी’ या फंक्शनची हकीकत शिकण्यासारखी आहे. रीअलोकेशन न करता, म्हणजे मेमरीत नवी जागा न घेता, व्हेक्टरमध्ये ‘बरोबर’ तितके घटक मावतील, असे त्याच्या डॉक्समध्ये पूर्वी लिहिले होते. नंतर ‘बरोबर’च्या जागी ‘किमान’ आले. बदल एकाच शब्दाचा, पण त्यामागे खरे तांत्रिक कारण आहे. ज्या प्रकाराचा आकारच शून्य बाइट आहे, त्याच्या व्हेक्टरची क्षमता मागितलेल्या आकड्याइतकी नसते, ती थेट यूसाइझ या पूर्णांक प्रकाराची कमाल किंमत असते. शिवाय मागितल्यापेक्षा जास्त जागा घेण्याची मोकळीक लायब्ररीला हवी असते. म्हणजे ‘बरोबर’ हा शब्द एका ठिकाणी उघड चुकीचा होता आणि बाकी ठिकाणी गरजेपेक्षा जास्त बांधून घेणारा.

त्याच डॉक्समध्ये पुढे स्पष्ट केले आहे की क्षमता मागितली तरी व्हेक्टरची लांबी शून्यच असते. हे वाक्य वरवर अनावश्यक वाटते, पण काढू नका. क्षमता १० दिली म्हणजे शून्य ते नऊ हे इंडेक्स लगेच वापरता येतील, असे समजणारा वाचक पहिल्याच इंडेक्सला पॅनिक (चूक झाल्याने प्रोग्रॅम थांबणे) ओढवून घेतो.

पायरी ३: वागणूक आणि हमी वेगळ्या करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन अर्थांपैकी बरोबर कोणता हे ठरवायला नवखा माणूस प्रोग्रॅम चालवतो, उत्तर पाहतो आणि तेच लिहितो. पण प्रोग्रॅमवरून कळते ते फक्त या आवृत्तीत, या मशीनवर, या पर्यायांसह काय घडले. पुढच्या आवृत्तीतही तेच घडेल असे भाषेने म्हटले आहे का, हा निराळा प्रश्न आहे. १० क्षमतेचा पूर्णांकांचा व्हेक्टर बनवून क्षमता छापली आणि १० दिसले, तरी त्यातून ‘बरोबर १०’ ही हमी सिद्ध होत नाही.

हमी शोधायची ती रेफरन्समध्ये, रस्टच्या स्वीकारलेल्या आरएफसीमध्ये (बदलाच्या प्रस्तावांमध्ये), टेस्टमध्ये आणि डॉक्सच्याच इतर पानांवर. सीच्या बाबतीत ती भाषेच्या स्टँडर्डमध्ये असते. टेस्ट वाचताना एक काळजी घ्या: एखादी टेस्ट आजची वागणूक चुकून बदलू नये एवढ्यासाठीच लिहिलेली असते. टेस्ट आहे म्हणून हमी आहे असे नाही.

सीच्या जगात तीन संज्ञा आहेत आणि त्यांची अदलाबदल अजिबात चालत नाही. ‘इम्प्लिमेंटेशन डिफाइन्ड’ म्हणजे कंपायलरने एक पर्याय निवडायचा आणि निवड डॉक्समध्ये लिहायची. ऋण संख्येचे उजवीकडे शिफ्ट करणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये अशा निवडींसाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. ‘अनस्पेसिफाइड’ म्हणजे शक्य असलेल्या वागणुकींपैकी कोणतीही चालेल आणि कोणती ते सांगण्याचे बंधन नाही, जसा फंक्शनच्या आर्ग्युमेंटच्या किमती काढण्याचा क्रम. ‘अनडिफाइन्ड’ म्हणजे स्टँडर्ड काहीच बंधन घालत नाही. चिन्हांकित पूर्णांक ओव्हरफ्लो झाला, म्हणजे किंमत त्याच्या प्रकारात मावेनाशी झाली, की सीमध्ये हेच होते, आणि ऑप्टिमायझर असे कधी होणारच नाही असे धरून कोड बदलतो. जीसीसीत ‘एफरॅपव्ही’ हा पर्याय दिला तर ओव्हरफ्लो गुंडाळला जाईल, म्हणजे कमाल किमतीनंतर पुन्हा किमान किंमत येईल, अशी हमी मिळते.

सीमधून आलेला माणूस हीच संज्ञा रस्टवर लादतो. रस्टमध्ये पूर्णांकाचा ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड नाही. नेहमीच्या डीबग बिल्डमध्ये पॅनिक होते, रिलीज बिल्डमध्ये किंमत दोनच्या पूरक पद्धतीने गुंडाळली जाते, आणि ‘ओव्हरफ्लो चेक्स’ या पर्यायाने ते बदलता येते. एवढे लांब लिहायचा कंटाळा करून ‘ओव्हरफ्लोचे परिणाम अनडिफाइन्ड आहेत’ असे लिहिले, तर भाषेने दिलेले मोठे संरक्षण कागदावर नाहीसे होते.

पायरी ४: नवे वाक्य लिहा

आता भाषेकडे वळायचे. पुढचे शब्द दिसले की थांबून तपासा.

‘मे’ आणि विशेषतः ‘मे नॉट’. ‘कंपायलर मे नॉट रीऑर्डर’ याचा अर्थ ‘क्रम बदलायला मनाई आहे’ असाही होतो आणि ‘कदाचित क्रम बदलणार नाही’ असाही. एक बंदी, दुसरी शक्यता. बंदी असेल तर ‘मस्ट नॉट’ लिहा. शक्यता असेल तर ‘माइट नॉट’ किंवा ‘याची हमी नाही’ असे सरळ सांगा. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांचे ठरावीक अर्थ १९९७च्या आरएफसी २११९मध्ये दिले आहेत (ही आरएफसी इंटरनेटची आहे, रस्टची नव्हे). इंटरनेट प्रोटोकॉलचे दस्तऐवज ते पाळतात, पण कंपायलरचे सगळे डॉक्स त्याच अर्थाने लिहिलेले नसतात. म्हणून शब्दकोशावर नव्हे, संदर्भावर जा.

‘ओन्ली’ची जागा. ‘हा पर्याय फक्त ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डवर परिणाम करतो’ आणि ‘हा पर्याय ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डवर फक्त परिणाम करतो, ऑप्टिमायझेशन सुरू करत नाही’ हे दोन्ही अर्थ एकाच इंग्रजी वाक्यातून निघू शकतात. ज्या शब्दाला मर्यादा घालायची त्याच्या अगदी आधी ‘ओन्ली’ ठेवा.

‘धिस’ आणि ‘इट’. आधीच्या वाक्यात फंक्शन, त्याची परत येणारी किंमत आणि आर्ग्युमेंट असे तिन्ही असतील, तर ‘इट’ नेमके कोणाबद्दल? नाव पुन्हा लिहा. तांत्रिक मजकुरात पुनरुक्ती दोष नाही. उलट ‘पॅरामीटर’ला दुसऱ्या ओळीत ‘आर्ग्युमेंट’ म्हणणे हा दोष आहे, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेट, पॅकेज आणि मोड्यूल यांचेही तेच.

‘डीफॉल्ट’. कोणाचे? रस्टसीचे की कार्गोच्या (रस्टच्या बिल्ड साधनाच्या) प्रोफाइलचे? कोणत्या टार्गेटवर (ज्या मशीनसाठी कोड बनवायचा त्यावर), कोणत्या एडिशनमध्ये (रस्ट भाषेच्या कोणत्या आवृत्तीत)? रस्टसी आणि कार्गोची डीफॉल्ट मूल्ये प्रत्येक वेळी सारखी नसतात.

‘करंटली’. हा शब्द भरीचा समजून काढून टाकणारे बरेच भेटतात. ‘सध्या असे होते’ याचा अर्थ ‘पुढेही होईल असे आम्ही म्हणत नाही’. तो काढला की हमी वाढते.

‘ऑल’. जीसीसीचा ‘डब्ल्यू ऑल’ हा पर्याय नाव तसे असूनही सगळ्या वॉर्निंग चालू करत नाही. ‘डब्ल्यू एक्स्ट्रा’ वेगळा आहे आणि त्याही पलीकडे काही वॉर्निंग उरतात. पर्यायाचे नाव आता बदलता येणार नाही. ते काम डॉक्सलाच करावे लागते, म्हणून तिथे कोणत्या वॉर्निंग येतात याची यादी असते. तुमच्या वाक्यात ‘सगळ्या’ आले तर ती यादी नीट तपासा.

‘कॅरॅक्टर’. आपल्या लिपीत हा शब्द किती फसवा आहे ते लगेच दिसते. ‘मराठी’ या शब्दात डोळ्यांना ३ अक्षरे दिसतात, रस्टच्या ‘कॅर’ प्रकारात मोजली तर ५ येतात आणि यूटीएफ-८मध्ये १५ बाइट होतात. म्हणूनच ‘स्ट्रिंग’च्या ‘लेन’चे डॉक्स लांबी बाइटमध्ये आहे असे स्पष्ट सांगतात. एररच्या कॉलम क्रमांकालाही हेच लागू आहे. जीसीसी ११पासून कॉलम बाइटमध्ये मोजायचा की पडद्यावरच्या रुंदीत, हे पर्यायाने ठरवता येते. लांबी, जागा, क्रमांक यांबद्दल लिहिताना एकक नेहमी लिहा, आणि मोजणी शून्यापासून की एकापासून तेही.

नेहमी मराठीत विचार करणाऱ्यांनी इंग्रजी आर्टिकलवर एक फेरी वेगळी मारावी. ‘द’ लिहिले की वाचक समजतो अशी वस्तू एकच आहे आणि तिचा उल्लेख आधी झाला आहे. ‘अ’ लिहिले की कोणतीही एक. कंपायलर ‘द’ एरर देतो की ‘अन’ एरर, यावरून एकच एरर येणार की अनेकांपैकी कोणतीही, हे वाचणारा ठरवतो.

रचनेचे काही संकेतही पाळा. रस्ट लायब्ररीत पहिली ओळ एका वाक्याचा सारांश असते आणि क्रियापद तृतीय पुरुषी असते: ‘रिटर्न’ नव्हे, ‘रिटर्न्स’. पॅनिक कधी होते, एरर कधी येते आणि अनसेफ फंक्शन वापरताना काय पाळायचे, यांना ‘पॅनिक्स’, ‘एरर्स’, ‘सेफ्टी’ असे स्वतंत्र मथळे असतात. ही माहिती परिच्छेदात दडवू नका. कंपायलरच्या प्रत्यक्ष एरर मेसेजमध्ये पहिले अक्षर लहान असते, शेवटी पूर्णविराम नसतो, कोड बॅकटिकमध्ये असतो आणि ‘इल्लीगल’ हा शब्द टाळून ‘इनव्हॅलिड’ किंवा त्याहून नेमका शब्द वापरतात. जीसीसीचे स्वतःचे शब्दलेखनाचे नियम आहेत. उदाहरणार्थ ‘नॉनझिरो’ सलग, जोडरेघेशिवाय.

पायरी ५: उदाहरण वाक्याशी जुळते का ते पाहा

वाचक आधी उदाहरण वाचतो, वाक्य नंतर. वाक्यात ‘किमान’ आणि उदाहरणात ‘समान आहे’ असा असर्ट असेल, तर लोक उदाहरणावरच विश्वास ठेवतात. ‘विथ कपॅसिटी’च्या उदाहरणात म्हणूनच पूर्णांकांच्या व्हेक्टरची क्षमता १० किंवा जास्त आहे, असा असर्ट आहे.

रस्टचे उदाहरण खरोखर कंपाइल होऊन चालते, आणि त्यातून काही अडचणी येतात. कोड ब्लॉकला भाषेचे नाव दिले नाही तर रस्टडॉक, म्हणजे डॉक्सची पाने बनवणारे साधन, तो रस्ट समजते. तुम्ही तिथे टर्मिनलची आज्ञा किंवा आकृती टाकली असेल, तर टेस्ट पडते. अशा ब्लॉकला ‘टेक्स्ट’ असे नाव द्या. चार स्पेस सोडून आत घेतलेला मजकूरही कोड धरला जातो. टेस्ट पडते म्हणून ‘इग्नोर’ लावणे ही वाईट सवय आहे, कारण मग उदाहरण शिळे झाले तरी कोणाला कळत नाही. कोड फक्त कंपाइल व्हावा पण चालू नये असे असेल तर ‘नो रन’, पॅनिक अपेक्षित असेल तर ‘शुड पॅनिक’ वापरा. वाचकाला नको असलेल्या तयारीच्या ओळींच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह आणि एक स्पेस द्या. त्या कंपाइल होतात, पण दिसत नाहीत.

मुद्दाम चुकीचा कोड दाखवताना ‘कंपाइल फेल’ लिहितात. ते एकटे पुरेसे नाही: कंसाची साधी चूक झाली तरी टेस्ट ‘यशस्वी’ ठरते. म्हणून त्यापुढे स्वल्पविराम देऊन एरर कोड लिहा. कोड जुळतो का ही तपासणी नाइटली (रोज निघणाऱ्या प्रायोगिक) आवृत्तीतच होते, हे लक्षात असू द्या. एरर कोडच्या फाइलीत आधी चुकीचे उदाहरण आणि मग दुरुस्त केलेले असा क्रम असतो. दुरुस्त उदाहरणात फक्त ती चूक काढा, सोबत व्हेरिएबलची नावे बदलू नका. नाहीतर नेमके काय बदलल्याने एरर गेली ते वाचकाला शोधत बसावे लागते. एखादी एरर कंपायलर आता देत नसेल, तरी तिची फाइल काढत नाहीत. वर तशी ठरावीक टीप घालतात, कारण जुन्या आवृत्त्या वापरणारे लोक तो कोड शोधत येतात.

पायरी ६: तपासण्या चालवा

रस्टची रिपॉझिटरी मोठी आहे. क्लोन करताना ‘फिल्टर ब्लॉब नन’ हा पर्याय दिला तर सुरुवातीचे डाउनलोड बरेच कमी होते. संपूर्ण बिल्डसाठी ३० जीबी मोकळी डिस्क आणि ८ जीबी रॅम असावी अशी प्रकल्पाची शिफारस आहे. मात्र मार्कडाउनमधल्या एका वाक्यासाठी कंपायलर बिल्ड करायची गरज नसते. ‘एक्स टेस्ट टायडी’ एवढी आज्ञा पुष्कळ गोष्टी पकडते: ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस, फाइलीच्या शेवटी नसलेली नवी ओळ, १०० अक्षरांपेक्षा लांब ओळ. एरर कोडच्या फाइलींत ही मर्यादा ८० आहे.

लायब्ररीचे डॉक्स बदलले असतील तर त्या क्रेटच्या डॉक टेस्ट चालवा आणि ‘एक्स डॉक’ने पान तयार करून ब्राउझरमध्ये डोळ्यांनी वाचा. तुटलेली यादी किंवा न बनलेली लिंक फाइलीत दिसत नाही, पानावर लगेच दिसते. एरर मेसेजचा मजकूर बदलला तर यूआय टेस्टच्या फाइलींत साठवलेला अपेक्षित मजकूरही बदलावा लागतो. त्यासाठी ‘ब्लेस’ पर्यायासह टेस्ट चालवतात. नंतर ‘गिट डिफ’ ओळीओळीने वाचा, कारण ब्लेस जे छापले जाईल ते मान्य करते, ते चूक असले तरी.

जीसीसीसाठी टेक्सइन्फोतून एचटीएमएल बनवून पाहा आणि पर्यायाची नावे ठरावीक मॅक्रोमध्येच आहेत ना ते तपासा.

पायरी ७: बदल पाठवा

एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सामील करून घेण्याच्या विनंतीत) एकच प्रश्न सोडवा. वर्णनात चार गोष्टी असाव्यात: जुने वाक्य, त्याचे दोन अर्थ, खरा अर्थ कोणता व तो कशावरून, आणि ‘यातून हमी बदलत नाही’ किंवा ‘बदलते’ हे स्पष्ट विधान. शेवटचे विधान बरेच जण विसरतात, आणि रिव्ह्यू करणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. आजूबाजूच्या ओळी नव्याने गुंडाळू नका, नाहीतर एका शब्दाच्या बदलासाठी वीस ओळींचा डिफ वाचावा लागतो.

रस्टमध्ये बॉट रिव्ह्यूअर नेमून देतो. हमी न बदलणारा बदल सहसा इतर लहान बदलांसोबत ‘रोलअप’मध्ये, म्हणजे एकत्र गठ्ठ्यात, जातो. मुख्य शाखा पुढे गेली असेल तर मर्ज कमिट करू नका, रीबेस करा, म्हणजे आपले कमिट नव्या मुख्य शाखेवर पुन्हा बसवा. मर्ज कमिट तिथे स्वीकारत नाहीत. बदलाने नवी हमी दिली जात असेल, तर लायब्ररी एपीआय किंवा भाषेच्या टीमची संमती लागते. पुरेशा सदस्यांनी होकार दिल्यावर अंतिम अभिप्रायासाठी १० दिवसांची मुदत असते. वाक्य छोटे आहे म्हणून हे टळत नाही. जीसीसीला पॅच ‘जीसीसी-पॅचेस’ या मेलिंग लिस्टवर पाठवतात. २०२१पासून तिथे कॉपीराइट हस्तांतराऐवजी कमिटमध्ये ‘साइन्ड ऑफ बाय’ची ओळ देऊनही चालते.

रिव्ह्यूअरने तुमचे सोपे वाक्य पुन्हा लांब केले, तर कोणता तपशील सुटला होता ते विचारा. बहुतेक वेळा त्याच्या डोळ्यासमोर एखादे टार्गेट, एडिशन किंवा शून्य आकाराचा प्रकार असतो, जिथे तुमचे वाक्य टिकत नाही. तो अपवाद एका स्वतंत्र वाक्यात लिहिता येतो का ते बघा: पहिले वाक्य नेहमीच्या वाचकासाठी, दुसरे अपवादासाठी. दोन्ही एकाच वाक्यात कोंबली की दोघांनाही कळत नाही.